विंडोजमधला 'इन्स्टॉलर' फोल्डर रिकामा झालाय, परत कसा आणायचा? (सांगली)

विश्रामबागकर
नमस्कार मंडळी. घरचा पीसी आहे. चौथ्या पिढीचा आय-५, ८ जीबी रॅम, विंडोज १०. सी ड्राइव्ह १२० जीबीची एसएसडी, डी ड्राइव्ह १ टीबीची साधी हार्ड डिस्क. सी भरत आला म्हणून जागा कोण खातंय ते बघितलं. सी > विंडोज > इन्स्टॉलर या लपलेल्या फोल्डरात १८ जीबी निघाले. आत नुसत्या .एमएसआय आणि .एमएसपी फायली, नावं सगळी अगम्य. जुने सेटअप समजून आतलं सगळं शिफ्ट-डिलीट केलं.

पीसी नीट चालू होतो, प्रोग्रॅमही उघडतात. पण लिब्रे-ऑफिसचं नवं व्हर्जन बसवताना एरर १७१४ येतो, 'जुनं व्हर्जन काढता येत नाही', खाली 'सिस्टिम एरर १६१२'. प्रिंटरचं सॉफ्टवेअर काढायला गेलो तर कुठलीशी .एमएसआय फाइल मागतं.

याच पीसीवर घरच्या अडत दुकानाचे हिशोब आहेत. हळदीचा हंगाम, त्यात मार्चअखेर. फॉरमॅट नको. बजेट जास्तीत जास्त ५०० रुपये.

तासगाव_टेक
सोपं आहे. स्टार्टमध्ये सीएमडी लिहा, राइट क्लिक करून 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर', मग 'एसएफसी /स्कॅननाऊ'. (स्पेलिंग अर्थातच इंग्रजीत टाइप करायचं.) विंडोजची गेलेली फाइल ते स्वतः शोधून परत ठेवतं.

पोवईनाका
नुसतं एसएफसी पुरत नाही. ते दुरुस्तीची फाइल विनएसएक्सएस फोल्डरातून उचलतं. तो साठाच बिघडलेला असेल तर काय उचलणार? म्हणून आधी 'डिझम /ऑनलाइन /क्लीनअप-इमेज /रिस्टोअरहेल्थ'. ते लागणाऱ्या फायली विंडोज अपडेटवरून आणतं. ६२ टक्क्यांच्या आसपास बराच वेळ अडकल्यासारखं वाटतं, तेव्हा खिडकी बंद करू नका. ते संपलं की एसएफसी.

कवठेमहांकाळ_९
एसएफसी चालवा. हमखास उपाय.

मिरज_जंक्शन
वरचे तिन्ही प्रतिसाद सिस्टिम३२ (विंडोजच्या स्वतःच्या फायलींचा फोल्डर) उडालं असतं तर बरोबर होते. इथे लागू नाहीत. एसएफसी आणि डिझम फक्त विंडोजच्या स्वतःच्या फायली बघतात. इन्स्टॉलर फोल्डरात विंडोजचं असं काही नसतं, तुम्ही बसवलेल्या प्रोग्रॅमचं असतं. .एमएसआय पद्धतीचा प्रोग्रॅम बसवला की विंडोज त्या सेटअपची एक प्रत तिथे ठेवतं आणि तिला नवं नाव देतं. .एमएसपी म्हणजे त्याच प्रोग्रॅमचे पॅच. पुढे दुरुस्ती, अपडेट किंवा अनइन्स्टॉल करायचं झालं की तीच प्रत उघडली जाते. एसएफसी चालवलंत तर 'काही बिघाड नाही' असं सांगेल, आणि ते खरंच असेल.

म्हणूनच तुमचे प्रोग्रॅम उघडतायत. अडतंय ते फक्त काढताना आणि अपडेट करताना. १६१२ चा अर्थच 'इन्स्टॉल करायचा मूळ स्रोत मिळत नाही' असा आहे. पुढे १६३५ दिसला तर समजा की पॅचची फाइल हवी आहे.

वारणाकाठ
एवढं कशाला? मित्राच्या पीसीवरचा इन्स्टॉलर फोल्डर पेन ड्राइव्हवर घ्या आणि इकडे टाका. विंडोज दोन्हीकडे तेच.

मिरज_जंक्शन
@वारणाकाठ, हे करू नका. ती नावं प्रत्येक मशीनवर वेगळी बनतात. तुमच्याकडे लिब्रे-ऑफिसची प्रत एका नावाने असेल, मित्राकडे त्याच नावाखाली दुसराच प्रोग्रॅम निघेल. कोणत्या प्रोग्रॅमची कोणती फाइल हे रजिस्ट्रीत (विंडोजच्या नोंदवहीत) 'लोकलपॅकेज' या नोंदीत असतं. या फायली एका पीसीवरून दुसऱ्यावर नेता येत नाहीत असं मायक्रोसॉफ्टनेही लिहून ठेवलंय.

कृष्णाघाट
रिकव्हरी सॉफ्टवेअर घ्या, पैसे भरून मिळतं ते. माझ्याकडे आहे, फोटो, एक्सेल सगळं परत आणतं. फुकटवाल्यांच्या नादी लागू नका.

पोवईनाका
फुकटवालंही चालतं. मायक्रोसॉफ्टचंच 'विंडोज फाइल रिकव्हरी' स्टोअरमध्ये आहे, विंडोज १० च्या २००४ व्हर्जनपासून पुढे. कमांड अशी: 'विनएफआर सी: डी: /एक्स्टेन्सिव्ह /एन \विंडोज\इन्स्टॉलर\*'. परत मिळालेलं सी वर ठेवता येत नाही, दुसरा ड्राइव्ह लागतो. तुमच्याकडे डी आहेच.

अजिंक्यतारा_व्ह्यू
सी एसएसडी आहे हे दोघांनीही वाचलेलं दिसत नाही. साध्या हार्ड डिस्कवर फाइल डिलीट झाली तरी तिच्यावर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत आतला मजकूर तसाच राहतो. एसएसडीवर विंडोज लगेच ट्रिमची ('ही जागा आता नको' अशी) सूचना पाठवतं आणि डिस्क ते कप्पे मोकळे करते. मग सॉफ्टवेअरला फाइलचं नाव सापडतं, आकार सापडतो, आत सगळी शून्यं. ट्रिम चालू आहे का बघायचं असेल तर 'एफएसयूटिल बिहेविअर क्वेरी डिसेबलडिलीटनोटिफाय'. उत्तर ० आलं तर चालू. ५०० रुपये त्या सॉफ्टवेअरवर घालू नका, मग ते कितीही नामांकित असो.

कृष्णाघाट
माझ्याकडे एसएसडीवरूनही आलंय परत.

अजिंक्यतारा_व्ह्यू
यूएसबीच्या डब्यात घातलेली एसएसडी असेल. कित्येक डबे ट्रिमची सूचना पुढे पाठवतच नाहीत. इथे डिस्क थेट साटावर (पीसीच्या आतल्या जोडणीवर) आहे.

सांगलवाडी_एसएसडी
मुळात १२० जीबीत विंडोज चालवायचंच कशाला? ५०० जीबीची घ्या, क्लोन करा (जुनी डिस्क जशीच्या तशी तिच्यावर उतरवा), विषय संपला. हरभट रोडला विचारा, लगेच मिळेल. नाहीतरी विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ लाच संपला, आणि चौथ्या पिढीच्या प्रोसेसरवर ११ अधिकृतपणे बसत नाही. इंटेलचा आठव्या पिढीपासून पुढचा लागतो, शिवाय टीपीएम २.० (सुरक्षेची चिप). खरं म्हणजे नवा पीसीच घ्या.

तासगाव_टेक
५०० चं बजेट दिलंय त्यांनी. आणि रिकामा फोल्डर क्लोन केला तर नव्या डिस्कवरही रिकामाच जाणार.

पेठभाग_लिनक्स
हिशोब लिब्रे-ऑफिसमध्येच असतील तर विंडोजऐवजी लिनक्स मिंट टाका. फुकट आहे, जुन्या मशीनवर हलकं चालतं.

सांगलवाडी_एसएसडी
आणि प्रिंटर? जीएसटीसाठी डिजिटल सहीचं टोकन? ते ड्रायव्हर लिनक्सवर कोण बसवून देणार?

पेठभाग_लिनक्स
बऱ्याच टोकनना लिनक्सचे ड्रायव्हर आहेत. आधी बघा तरी.

संचालक
लिनक्सची चर्चा वेगळ्या धाग्यावर करा. इथे मूळ प्रश्नावर बोला.

विश्रामबागकर
सर्वांचे आभार. एसएफसी चालवलं, बिघाड काही नाही म्हणतं. ट्रिम तपासलं, ० आलं. विनएफआरने डी वर बऱ्याच फायली काढल्या, पण राइट क्लिक करून 'डिजिटल सिग्नेचर्स'चा टॅब एकीवरही दिसत नाही, डबल क्लिक केल्यावर 'पॅकेज उघडता येत नाही' म्हणतं. सिस्टिम रिस्टोअर बघितलं, सिस्टिम प्रोटेक्शनच बंद होतं, एकही रिस्टोअर पॉइंट नाही. हिशोब एक्सेलमध्ये आहेत आणि एक वेगळं सॉफ्टवेअर आहे, दोन्ही चालू आहेत. आता?

मिरज_जंक्शन
म्हणजे फायली गेल्या. आता फोल्डर परत आणायचा विचार सोडा, ज्या प्रोग्रॅमला गरज पडेल त्याची प्रत परत बनवा. पण आधी हिशोबाचा डेटा डी वर आणि एका पेन ड्राइव्हवर, दोन्हीकडे घ्या.

लिब्रे-ऑफिससाठी: हेल्प > अबाउटमध्ये पूर्ण व्हर्जन बघा, चारही आकडे. द डॉक्युमेंट फाउंडेशनच्या अर्काइव्हवर जुनी सगळी व्हर्जन ठेवलेली असतात. नेमकं तेच, ६४ बिट असेल तर ६४ बिट, डी वर उतरवा. मग ॲडमिन सीएमडीमध्ये 'एमएसआयएक्झेक /एफव्हीओएमयूएस' आणि पुढे फाइलचा पूर्ण पत्ता अवतरणचिन्हात. यातला व्ही महत्त्वाचा, त्यानेच नवी प्रत इन्स्टॉलर फोल्डरात जाते. फाइलचं नाव पहिल्यांदा बसवताना होतं तेच हवं, नाहीतर १३१६ येतो. अर्काइव्हमधल्या नावात चौथा आकडाही असतो, मूळ डाउनलोडमध्ये तीनच. फाइल मागणाऱ्या खिडकीत जे नाव दिसतं तेच अक्षरन् अक्षर द्या. हे झालं की नवं व्हर्जन बसवा.

अजिंक्यतारा_व्ह्यू
जुनं व्हर्जन कळत नसेल तर मायक्रोसॉफ्टचा 'प्रोग्रॅम इन्स्टॉल अँड अनइन्स्टॉल' ट्रबलशूटर वापरा. फुकट आहे. 'अनइन्स्टॉलिंग' निवडा, यादीतून लिब्रे-ऑफिस निवडा, तो रजिस्ट्रीतल्या नोंदी काढून टाकतो. नंतर प्रोग्रॅम फाइल्समधला त्याचा फोल्डर हाताने काढा आणि नवं बसवा. सेटिंग ॲपडेटा या वेगळ्या फोल्डरात असतात, ती राहतात. मला हाच मार्ग जास्त पटतो, नावांची भानगड नाही.

प्रिंटरची घाई करू नका. ड्रायव्हर सिस्टिम३२ च्या ड्रायव्हरस्टोअरमध्ये असतो, तो शाबूत आहे, छपाई चालू राहील. काढायचाच असेल तर प्रिंटरच्या रांगेत अडकलेली कामं आधी रद्द करा, मग 'प्रिंटयूआय /एस /टी२'. ड्रायव्हरच्या यादीत 'रिमूव्ह ड्रायव्हर अँड पॅकेज'.

पोवईनाका
विंडोजचं आयएसओ (पूर्ण सेटअपची एक फाइल) उतरवून चालू विंडोजमधूनच सेटअप चालवा, 'फायली आणि ॲप्स ठेवा' निवडा. रिपेअर इन्स्टॉल. सगळं ठीक होतं.

मिरज_जंक्शन
विंडोज ठीक होतं, हे नाही. एक्सेलच्या किंवा प्रिंटरच्या .एमएसआय फायली त्या आयएसओमध्ये नसतातच, मग येणार कुठून? उगाच वेळ जाईल, आणि अर्ध्यात लाइट गेली तर नवं संकट.

आता काय करायचं नाही ते सांगतो, हे जास्त गरजेचं आहे. बसवलेल्या प्रोग्रॅमची यादी काढायला 'डब्ल्यूएमआयसी प्रॉडक्ट गेट नेम' ही कमांड सगळीकडे सुचवलेली दिसेल. ती चालवू नका. नुसती यादी देत नाही, प्रत्येक .एमएसआय प्रोग्रॅम तपासते आणि काही कमी दिसलं तर दुरुस्ती सुरू करते. तुमच्याकडे दुरुस्तीला लागणाऱ्या प्रतीच नाहीत, चालू असलेला प्रोग्रॅम बिघडायचा. यादी हवीच असेल तर 'फिक्स-मिसिंग-एमएसआय' हे फुकट साधन आहे. मूळचं एसक्यूएल सर्व्हरसाठी बनवलेलं, पण बाकीच्यांच्याही गेलेल्या फायली दाखवतं. रजिस्ट्री क्लीनरही लावू नका. प्रोग्रॅमडेटामधला 'पॅकेज कॅश' फोल्डर मोठा दिसला तरी हात लावू नका, व्हिज्युअल सी++ च्या नव्या पॅकेजच्या प्रती त्यात असतात. त्यांची दुरुस्ती तिथूनच होईल.

तासगाव_टेक
एक्सेल कोणतं आहे? फाइल > अकाउंटमध्ये 'अपडेट ऑप्शन्स'चं बटण दिसलं तर ते बहुतेक क्लिक-टू-रन पद्धतीचं आहे. त्याचे अपडेट या फोल्डरावर अवलंबून नसतात, काळजी नको. जुनं .एमएसआयवालं असेल तर त्याची डीव्हीडी किंवा सेटअप शोधून ठेवा.

विश्रामबागकर
'अपडेट ऑप्शन्स' दिसतंय. म्हणजे एक्सेल वाचलं.

ट्रबलशूटरने लिब्रे-ऑफिस निघालं, नवं बसलं, जुन्या फायली उघडल्या. हिशोबाच्या सॉफ्टवेअरला मार्चअखेरपर्यंत हात लावत नाही, त्याचे अपडेटही थांबवलेत. प्रिंटरही आहे तसाच. नवी एसएसडी, रिपेअर इन्स्टॉल, मिंट, यातलं काहीच करत नाही. एप्रिलमध्ये सवडीने सगळं पुसून नव्यानेच विंडोज टाकतो. फॉरमॅट नको असं मीच म्हणालो होतो, पण यादीतले २३ प्रोग्रॅम एकेक दुरुस्त करण्यापेक्षा ते बरं.

मिरज_जंक्शन
फॉरमॅटची गरज नाही अजूनही. २३ पैकी अपडेट लागणारे चारपाचच असतील, बाकीचे आहेत तसे वर्षानुवर्षं चालतील.

सांगलवाडी_एसएसडी
फॉरमॅट करणारच असाल तर तेव्हाच ५०० जीबीची घ्या. परत १२० वर कशाला?

अजिंक्यतारा_व्ह्यू
एप्रिलपर्यंतचं सांगतो. सिस्टिम प्रोटेक्शन आजच चालू करा आणि ५ टक्के जागा द्या. जागा परत कमी पडली तर 'पॉवरसीएफजी /एच ऑफ' केलं की हायबरनेशनची फाइल जाते, ८ जीबी रॅमला साधारण ३ जीबी सुटतात. डिस्क क्लीनअपमध्ये 'क्लीन अप सिस्टिम फाइल्स' दाबा. विनएसएक्सएस हाताने रिकामा करू नका, त्यासाठी 'डिझम /ऑनलाइन /क्लीनअप-इमेज /स्टार्टकॉम्पोनेंटक्लीनअप'. आणि फॉरमॅटच्या आधी टोकनच्या ड्रायव्हरचा सेटअप, प्रिंटरचा सेटअप आणि हिशोबाच्या सॉफ्टवेअरची लायसन्स की, तिन्ही डी वर एका फोल्डरात ठेवा. लायसन्स मशीनला बांधलेलं असेल तर पुसण्याआधी ते त्या सॉफ्टवेअरमधूनच सोडवून घ्यावं लागतं, नंतर जमत नाही.

कवठेमहांकाळ_९
एसएफसी परत एकदा चालवून बघा.