लिपी एकच नको

आपल्या कोकणी-मराठी मासिकासाठी ‘सगळा मजकूर देवनागरीतच ठेवा, गोव्यापासून मंगळूरपर्यंत कुणालाही वाचता येईल’, या सूचनेशी मी सहमत नाही. गोव्याच्या १९८७ च्या राजभाषा कायद्यात देवनागरी कोकणी आहे, पण मंगळूरकडे ती कानडी लिपीत वाचतात आणि गोव्यातले बरेच ख्रिस्ती वाचक रोमीत, म्हणजे रोमन लिपीत. आपण त्यांना संवादाला बोलावतोय, तर मूळ लेख त्यांच्याच लिपीत हवा आणि शेजारी मराठी.

वेंगुर्ल्यात आम्ही चौघं जमेल तसं रोमीतून मराठीत आणतो. रोमीत ‘एक्स’ अक्षर ‘श’चं काम करतं, ते दोन दिवसांत अंगवळणी पडलं. खरे फसलो ‘शीत’ या शब्दावर. आपल्याकडे शीत म्हणजे भाताचा एक दाणा, तिकडे शिजवलेला भातच. आमच्या मसुद्यात आईने पोराच्या ताटात एक दाणा वाढला होता! मडगावच्या एका बाईंना फोनवर वाचून दाखवलं तेव्हा चूक कळली. तेव्हापासून मूळ भाषेच्या माणसाला मोठ्याने वाचून दाखवल्याशिवाय आम्ही काहीच पुढे पाठवत नाही. मासिकासाठी आधी असे ऐकणारे शोधूया, भाषांतर करणारे त्यामानाने लवकर मिळतात.