पुण्यातल्या आमच्या सोसायटीचा ग्रुप. रविवारचा वॉक: वॉर सिमेट्रीत जायचं का?

ए-७०२: मंडळी, आपल्या वॉकचा तोच तो रस्ता आता पाठ झाला. या रविवारी होळकर पुलाकडून खडकीच्या वॉर सिमेट्रीत जाऊ, अर्धा तास आत फिरू आणि परत. कोण कोण येतंय?

सी-१०३: मी आणि बाबा.

बी-३०४ आजी: सकाळी सकाळी मसणात? अरे, आम्ही तिथून आलो की उंबऱ्याबाहेर पाय धुतो. लहान मुलं असतात तुमच्याबरोबर. दुसरं काही सुचलं नाही का?

ए-५०१: आजींना माझाही पाठिंबा. तिथे लोक रडायला जातात आणि आपण जाणार स्टेप्स मोजायला. बरं नाही दिसत.

ए-७०२: दादा, तिथे रडायला येणारं कुणी फारसं उरलेलंच नाही. आणि मी वैकुंठ स्मशानभूमीत चला म्हणत नाहीये. जिथे आज कुणाचं माणूस जळतंय तिथे बघे म्हणून जाऊ नये, एवढं मलाही कळतं. खडकीचं वेगळं आहे. दुसऱ्या महायुद्धात पश्चिम आणि मध्य भारतात ठिकठिकाणी पुरलेले सैनिक, ज्यांच्या कबरी जागच्या जागी कायम सांभाळणं जमणार नव्हतं, ते इथे एकत्र आणले. १,६६८ कबरी. मेजर असो की साधा शिपाई, दगड सारखाच.
गेल्या महिन्यात मी एकटाच गेलो होतो. एका दगडावर वय दिसलं २१. आमच्या चिरंजीवांचं वय. वर रेजिमेंटचं चिन्ह, मग नंबर, नाव, तारीख आणि अगदी तळाला घरच्यांनी निवडलेली एक ओळ. पावसाने उडालेली माती तिच्यावर बसली होती, बोटाने पुसून वाचली. माळीबुवा शेजारी वाफा साफ करत होते. बघितलं, बोलले काही नाहीत. घरी येऊन पोराला उगीचच फोन केला.

डी-२०२ सुभेदार काका: त्याच आवारात पहिल्या महायुद्धाचं स्मारक आहे, तेही बघा. अठराशेहून जास्त नावं आहेत. हे सगळे हिंदुस्थानात वारले, पण त्यांच्या मूळ कबरी आता नीट राखता येत नाहीत. काही तर पाकिस्तानात राहिल्या. त्यातल्या ६२९ जणांचे अवशेष जून १९६२ मध्ये मुंबईच्या शिवडीहून आणून इथे पुरले.

सी-४०१: काय सांगता काका! माझं लहानपण शिवडीत गेलं. त्या दफनभूमीच्या भिंतीवरून आम्ही चिंचा पाडायचो. व्हीटी स्टेशन उभारणारे स्टीव्हन्स तिथेच आहेत, हे मला चाळिशीत कळलं. तेही एका हेरिटेज वॉकमध्ये, शंभर रुपये भरून 😄

ए-५०१: इतिहास ठीक आहे हो. पण समाधी वेगळी आणि कबर वेगळी.

सी-१०३: वानवडीला शिंदे छत्रीत आपण सगळे गेलो होतो ना? महादजींचं दहन झालं तीच जागा, १७९४. ग्रुप फोटो तुम्हीच काढलात. आणि आळंदीला तरी आपण कशाला जातो?

ए-५०१: माउलींची संजीवन समाधी आहे. ती तुलना नको.

सी-१०३: बरं, आळंदी मागे घेतो. शिंदे छत्री राहू दे.

बी-२०१ काकू: लेकीकडे लंडनला होते तेव्हा दूध आणायचा माझा रस्ता ब्रॉम्प्टन सिमेट्रीतून होता. १८४० ची आहे ती. लोक खुशाल बाकावर पेपर वाचत बसतात, खारी पायात येतात. पहिल्या दिवशी मी रामरक्षा म्हणतच गेले. आठवड्याभरात काही नावं ओळखीची झाली. एक बाई चौतीस वर्षांची, शेजारी तिची दोन तान्ही. तिथे आलं की पाय आपोआप हळू पडायचे.

बी-६०१: २ नोव्हेंबरला, म्हणजे आम्हा ख्रिस्ती लोकांच्या मृतांच्या स्मरणदिनी, आम्ही सगळे मेणबत्त्या घेऊन दफनभूमीत असतो, मुलं तिथेच बागडतात. अशुभ वगैरे कुणाला वाटत नाही. तुम्ही आलात तर आनंदच आहे. फक्त कबरीवर पाय ठेवू नका, टेकू नका, आत डबे उघडू नका. रील तर अजिबात नको.

ए-७०२: एकदम मान्य. लाफ्टर क्लबचं हा हा हा पण पुलाच्या अलीकडेच उरकून घ्यायचं.

ए-५०१: मी येईन, पण फोन खिशात राहील. स्टेप्स मोजत असेल तर त्याला मी काय करू.

सेक्रेटरी: सव्वासहाला गेटवर. आत बोलणं हळू. कुत्र्यांना घरी ठेवा, यावर चर्चा नको. आजी, तुम्ही?

बी-३०४ आजी: मी आत नाही येणार. पुलापर्यंत येते, तिथून रिक्षाने परत. आणि जाताय तर रिकाम्या हाताने जाऊ नका रे. आपल्या खालच्या चाफ्याची फुलं न्या. तोडू नका, पडलेली वेचा. त्या एकवीस वर्षांच्या पोरापाशी ठेवा.

ए-१०१: चाफा आमच्या पार्किंगमध्ये येतो. आधी विचारत जा.

सेक्रेटरी: चाफ्याचा विषय एजीएममध्ये. इथे नको 🙏