पहिल्या हाफ मॅरेथॉनची तयारी: घड्याळ हवं की नको?

घाटवाट
ऑफिसातल्या एका पंचविशीतल्या मुलाने सातारा हिल हाफ मॅरेथॉनला (२१ किलोमीटर) नाव नोंदवलंय. आयुष्यातली पहिलीच शर्यत. सलग पाच किलोमीटर अजून पळून झालेले नाहीत, पण जीपीएस घड्याळ, छातीला बांधायचा हार्ट रेटचा पट्टा, हेडफोन आणि कार्बन प्लेटचे बूट घरी येऊन पडलेत. त्याने सल्ला विचारला तेव्हा जे सांगितलं तेच इथे मांडतो. पटलं नाही तर जरूर भांडा. पहिल्या हाफची तयारी घड्याळाशिवाय करावी, निदान सुरुवातीचे दोन महिने तरी.

नवशिक्याला सगळ्यात आधी स्वतःचा श्वास ओळखता आला पाहिजे. पळताना शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता येतंय का, की दोन शब्दांनंतर दम खातोय? हे मनगटाकडे न बघता कळायला लागलं की निम्मी तयारी झाली. घड्याळ असलं की माणूस श्वासाकडे लक्ष न देता पेसच्या, म्हणजे एका किलोमीटरला किती मिनिटं लागतात त्याच्या, मागे लागतो. त्यात साताऱ्याचा रस्ता. पोलीस परेड ग्राउंडवरून निघायचं, शहरातून यवतेश्वरचा घाट चढून कासच्या रस्त्याला लागायचं आणि वरून वळून खाली यायचं. सपाटीवर सातच्या पेसने पळणारा घाटातही सातच धरायला गेला, तर यवतेश्वर यायच्या आत त्याचा दम संपलेला असेल. पावसाळी धुक्यात, चढावर, श्वासाचा अंदाज नसलेल्या मुलाला तो आकडा काय मदत करणार?

आकडेमोड
सपशेल असहमत. घड्याळाची खरी गरज नवशिक्यालाच असते. ‘आरामात पळ’ म्हटलं की त्याला काही कळत नाही. त्याचा आराम म्हणजे आपली शर्यत! रोज सकाळी ग्राउंडवर बघतो, नवीन मुलं पहिल्याच फेरीत जीव तोडून पळतात आणि दुसऱ्या आठवड्यात नडगी धरून बसतात.

स्टीफन सायलर या संशोधकाने अव्वल दर्जाच्या धावपटूंचा, रोइंगवाल्यांचा सराव तपासला, तेव्हा त्यांची साधारण ८० टक्के सत्रं हलक्या तीव्रतेची निघाली. अव्वल माणसं इतकं हळू पळतात आणि आमचा नवशिक्या रोज परीक्षा दिल्यासारखा पळतो. त्याला आवरायला घड्याळात हृदयाच्या ठोक्यांची वरची मर्यादा लावा. घड्याळ थरथरलं की चालायचं. जेफ गॅलोवे (१९७२च्या ऑलिंपिकमध्ये धावलेले) यांची पळा-चाला पद्धतही नवशिक्यांना फार मानवते. तीन मिनिटं पळ, एक मिनिट चाल. ते घड्याळाच्या बीपशिवाय कसं जमणार? मनात मिनिटं मोजत?

घाटवाट
बीपसाठी साधं डिजिटल घड्याळही पुरतं. माझा आक्षेप आकड्यांच्या राज्यावर आहे.

आणि मर्यादा लावायची कुठल्या आकड्यावर? बहुतेक घड्याळं सुरुवातीला २२० वजा वय करून कमाल ठोके धरतात. ते सरासरीचं गणित आहे. एकाच वयाच्या दोघांत दहा-बारा ठोक्यांचा फरक अगदी सहज असतो, कधी त्याहून जास्त. शिवाय घड्याळाच्या मागचा हिरवा दिवा त्वचेखालच्या रक्ताची हालचाल बघून ठोके ठरवतो. घड्याळाचा पट्टा सैल असला, हात गारठलेला असला की तो ठोक्यांऐवजी पावलांची लय पकडून बसतो. निवांत पळणाऱ्या मुलाला १७० दिसतात आणि तो घाबरून थांबतो.

आकडेमोड
म्हणूनच छातीचा पट्टा असतो ना! तो हृदयाचे विद्युत संकेत टिपतो, पावलांशी त्याचा संबंध नाही. तुमच्या त्या मुलाकडे तो आहे, तुम्हीच त्याला काढून ठेवायला सांगताय. आणि चढावर पेस निरुपयोगी हे मलाही मान्य आहे. तिथे ठोकेच बघायचे. तंत्र वाईट नाही, कुठला आकडा कधी बघायचा ते शिकवा.

२०१९ मध्ये व्हिएन्नात केनियाच्या एलिउड किपचोगेने पूर्ण मॅरेथॉनचं अंतर १:५९:४० मध्ये कापलं, तेव्हा पुढची गाडी रस्त्यावर लेझरच्या रेषा टाकत होती. जगातल्या सर्वोत्तम धावपटूला बाहेरून वेग दाखवलेला चालतो, मग आपल्याला का नको?

बारामतीकर
आमच्या लता करे आजी २०१३ला बारामतीत नऊवारी नेसून, अनवाणी पळाल्या आणि जिंकल्या. त्यांच्याकडे कुठलं घड्याळ होतं?

आकडेमोड
त्यांच्याबद्दल नितांत आदर आहे. पण ती ज्येष्ठांची तीन किलोमीटरची शर्यत होती, आणि त्या पळाल्या नवऱ्याच्या उपचारांच्या पैशांसाठी. ते पोटतिडकीचं धावणं २१ किलोमीटरच्या तयारीचा आराखडा म्हणून पुढे करू नका.

पहाटपाच
तुम्ही दोघंही पेस आणि ठोक्यांतच अडकलात. मी बाई आहे, पहाटे पाचला एकटी पळते. माझ्या घड्याळाचं पहिलं काम म्हणजे मी कुठे आहे ते घरी दिसणं. लाइव्ह लोकेशन चालू केल्याशिवाय मी गेटबाहेर पाऊल टाकत नाही. हायवेच्या सर्व्हिस रोडवर दिवे नसतात, कुत्री असतात, आणि कधी कधी एखादी मोटारसायकल उगीचच हळू होते. ‘दोन महिने उघड्या मनगटाने पळा’ हा सल्ला दादा, तुम्ही एका मुलाला दिलात. माझ्यासारखीला दिला असतात तर माझं पळणंच बंद झालं असतं, कारण या सोयीशिवाय घरचे सोडत नाहीत आणि मलाही धीर होत नाही.

काढूनच ठेवायचं तर हेडफोन ठेवा. कान उघडे ठेवणारे असले तरी मोठ्या आवाजातलं गाणं मागून येणारी गाडी लपवतं.

फिजिओ_कोथरूड
या धाग्यात उताराबद्दल कोणीच बोललं नाही, म्हणून लिहिते. साताऱ्याच्या शर्यतीनंतर आमच्याकडे येतात ती माणसं बहुधा उताराने जायबंदी झालेली असतात. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू लांबत असतानाच ब्रेक लावत असतो. त्यात त्याच्या तंतूंना बारीक इजा होते आणि खरं दुखणं एक-दोन दिवसांनी वर येतं. गंमत अशी की उतारावर श्वास सोपा असतो, ठोके खाली येतात. म्हणजे घड्याळ म्हणतं छान चाललंय, घाटवाट यांचा श्वासही म्हणतो छान चाललंय, आणि मांड्या मात्र भरडल्या जातात. दोघांच्याही पद्धतीत हे दिसत नाही.

उपाय सरावाचा आहे. शर्यतीच्या काही आठवडे आधीपासून उतारावर थोडं थोडं पळा, छोटी पावलं टाका. एकदा सवय लागली की तेच स्नायू पुढच्या वेळी बरेच कमी दुखतात. आणि ते कार्बनचे बूट! ताठ प्लेट, जाड मऊ तळ, वर ओला घाटरस्ता. पाच किलोमीटर न पळालेल्या पायांना ते देऊ नका. त्याची किंमत वसूल व्हायची असेल तर पुढच्या वर्षी होईल.

अण्णा५८
माझा अनुभव दोघांच्या मधला नाही, वेगळाच आहे. रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर चालू आहे. ही गोळी ठोके वाढूच देत नाही. घड्याळ मला सतत ‘हलका व्यायाम’ दाखवतं आणि मी मात्र घामाघूम होऊन धापा टाकत असतो. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, झोनकडे (घड्याळ ठोक्यांवरून दाखवतं त्या हलका-मध्यम-जोराचा अशा पातळ्यांकडे) बघू नका, बोलता येईल इतकंच पळा. माझ्या वयाचे जे कोणी पहिल्या हाफची तयारी करत असतील त्यांनी आधी तपासणी करून घ्यावी आणि चालू गोळ्यांची यादी डॉक्टरांपुढे ठेवावी. मग खरेदी.

आकडेमोड
अण्णा, हे महत्त्वाचं आहे, गोळीचा मुद्दा मान्य. निरोगी पंचविशीतल्या मुलाबाबत मात्र माझं मत तेच.

घाटवाट
पहाटपाच ताई, सुरक्षेचा मुद्दा बिनशर्त मान्य. लोकेशनसाठी घड्याळ हवंच, त्या मुलालाही तसं सांगतो. कार्बनचे बूट आजच कपाटात जातील. रविवारी त्याला घेऊन यवतेश्वरपर्यंत जातोय, वर चढ चालत आणि खाली छोट्या पावलांनी. पेस आणि ठोके मात्र स्क्रीनवर नकोत, हे माझं अजूनही म्हणणं आहे.

आकडेमोड
छातीचा पट्टा बांधून येऊ द्या. दर वळणावर तुम्ही त्याला विचारा, किती दम लागलाय, दहापैकी किती. ते आणि पट्ट्याचा आकडा शेजारी शेजारी मांडा, मग बोलू.

घाटवाट
पट्टा चालेल. आकडा खाली उतरल्यावरच बघायचा.