सोसायटी ग्रुप : बाबांचं पोर्ट्रेट काढून घ्यायचंय

ए-४०२ : नमस्कार मंडळी. बाबांचं पोर्ट्रेट काढून घ्यायचंय. चित्रकार म्हणतात, “एक चांगला फोटो पाठवा, बाकी माझ्यावर सोडा.” एवढं पुरतं का?

बी-१०३ : नाही पुरत. रंगाला हात लागायच्या आधी चार गोष्टी ठरव : फक्त चेहरा-खांदे की हातांसकट, माध्यम कोणतं, माप किती, आणि “ठीक आहे” म्हणणारा माणूस कोण. हात म्हणजे चेहऱ्याइतकंच काम असतं, त्यामुळे त्याचे पैसे बहुधा वेगळे लागतात. आधीच विचार.

ए-४०२ : माप कसं ठरवू काका? भिंत मोठी आहे.

बी-१०३ : भिंतीवरून ठरवू नकोस, डोक्यावरून ठरव. मोठ्या माणसाचं डोकं हनुवटीपासून टाळूपर्यंत साधारण २२-२३ सेंमी असतं. तेवढंच रंगवलं तर भिंतीवर ते राक्षसी दिसतं, म्हणून १८-२० सेंमी ठेवतात. त्याला चेहरा-खांद्यांसाठी २० × २४ इंच कॅनव्हास बरोबर बसतो. हात हवे असतील तर जुनं ‘किट-कॅट’ माप बघ, ३६ × २८ इंच. लंडनला नेलर या चित्रकाराने ‘किट-कॅट’ नावाच्या क्लबच्या सभासदांची चित्रं या मापात केली, तिथून ते नाव पडलं.

उलटी चूकही होते. ए-फोर कागदावर तीन-तीन माणसं मागतात. ६ सेंमीच्या चेहऱ्यात डोळा जेमतेम ८ मिमी येतो. तिथे अर्धा मिमी चुकला तरी माणूस बदलतो, आणि दोष चित्रकाराला.

सी-६०१ : आणि मुकुट, फेटा, टोपी जे काही डोक्यावर हवंय ते आधी सांगा. लुशियन फ्रॉइड या ब्रिटिश चित्रकाराने राणी एलिझाबेथचं चित्र केलं ते जेमतेम २३.५ × १५.२ सेंमीचं. रत्नांचा मुकुट मागाहून घ्यायचं ठरलं, तेव्हा वरच्या बाजूने कॅनव्हास वाढवावा लागला. त्यांना ते चाललं. आपल्याकडे फ्रेम ऑर्डर झालेली असते.

डी-२०४ : फोटोबद्दल मी सांगतो, कारण निम्मी पोर्ट्रेटं तिथेच बिघडतात.

फोनची नेहमीची लेन्स वाइड असते. जवळून काढलं की नाक मोठं येतं आणि कान मागे जातात. चित्रकार तेच प्रामाणिकपणे रंगवतो आणि घरचे म्हणतात, “नाक असं नाहीये.” दोन मीटर लांब उभं राहा, २एक्स किंवा ३एक्स झूम घ्या, फोन डोळ्यांच्या उंचीवर धरा. खिडकीचा उजेड एका बाजूने येऊ द्या, खोलीतले दिवे बंद. दोन्ही उजेड मिसळले की एका गालावर पिवळट आणि दुसऱ्यावर निळसर छटा येते.

पोर्ट्रेट मोड बंद. तो कानाच्या आणि केसांच्या कडा पुसतो. ब्युटी फिल्टरही बंद. सेल्फी नकोच, त्यात बऱ्याचदा भांग आणि तीळ बाजू बदलतात.

पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा. फोटो म्हणून पाठवला की ॲप तो आवळतं आणि पापण्यांचा लगदा होतो.

ए-४०२ : बाबांना चष्मा आहे, जाड नंबरचा. काढून फोटो घेऊ का?

डी-२०४ : दोन्ही घे, मान न हलवता. चष्म्याशिवायचा डोळ्यांच्या बारकाव्यासाठी. चष्म्यासकटचा यासाठी की मायनस नंबरच्या काचेतून डोळे लहान दिसतात आणि गालाची कड आत सरकलेली दिसते. ती सरक नसेल तर चष्मा वरून चिकटवल्यासारखा दिसतो. काचेवर चकाकी येत असेल तर काड्या कानांवर किंचित वर उचल, काच खाली झुकते आणि चकाकी जाते.

ई-३०५ : मध्येच विचारतो. आजीचा एकच फोटो आहे, ओळखपत्रावरचा, कृष्णधवल. त्यावरून होईल?

डी-२०४ : होईल, पण फोनने फोटोचा फोटो काढू नका. फ्लॅटबेड स्कॅनरवर १२०० डीपीआयला (एका इंचात १२०० ठिपके) स्कॅन करा. पोस्टकार्डाएवढ्या प्रिंटला ६०० पुरतं. ॲपने ‘शार्प’ करून पाठवू नका. ते नसलेले डोळे आणि दात स्वतःच्या मनाने भरतं, ते आजीचे नसतात.

बी-१०३ : कृष्णधवलात रंगाचीही फसगत असते. जुन्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला लाल रंग दिसत नसे, त्यामुळे ओठ आणि तांबूस त्वचा असते त्यापेक्षा काळी येई. शिवाय स्टुडिओवाले निगेटिव्हवर पेन्सिल चालवून सुरकुत्या घालवत. वर्ण सांगायला आजीसारखा रंग असलेल्या नातेवाइकाचा उजेडातला फोटो जोडा. बाजूने काढलेला एखादा समूहफोटो, धूसर का असेना, तोही द्या. समोरून फ्लॅश मारलेल्या फोटोत नाकाची उंची कळतच नाही.

एफ-१०१ : एका फोटोतला चेहरा आणि दुसऱ्यातली साडी असं जमतं का?

बी-१०३ : उजेडाची दिशा आणि कॅमेऱ्याची उंची दोन्हीत सारखी असेल तरच. नाहीतर धडावर दुसऱ्याचं डोकं.

ए-४०२ : आणि माध्यम? ते ऑइल म्हणतायत, ताई.

सी-६०१ : ऑइल उत्तम, घाई नसेल तर. तेलरंग पाणी उडून सुकत नाही, हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतो. हाताला सुका लागायला काही दिवस ते काही आठवडे लागतात. पक्कं व्हार्निश, म्हणजे वरचा पारदर्शक संरक्षक लेप, ६ ते १२ महिन्यांनी. आधीच मारलं तर खालचा थर मऊ राहून भेगा पडू शकतात. मधल्या काळात रिटच व्हार्निशचा (तात्पुरत्या लेपाचा) पातळ हात चालतो. व्हार्निशला चित्र परत न्यायचं की चित्रकार घरी येणार, हे आत्ताच ठरव, नंतर कोणी लक्षात ठेवत नाही.

ॲक्रिलिक त्याच दिवशी सुकतं, मात्र सुकल्यावर किंचित गडद होतं. चारकोल आणि पेस्टल काचेशिवाय लावायचंच नाही, आणि काच चित्राला टेकता कामा नये, मध्ये माउंटची (चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याच्या चौकटीची) जाडी हवी. जलरंग सुंदर, पण दुरुस्ती जवळपास नाही आणि उन्हात उडतो.

ट्यूबवर लाइटफास्टनेस (उजेडात रंग किती टिकतो ती श्रेणी) ‘I’ किंवा ‘II’ असलेलेच रंग वापराल ना, हे विचार. जुन्या पद्धतीचा अलिझरिन क्रिमसन हा गडद लाल (ट्यूबवर पीआर ८३) उडतो. गालांची लाली त्यातली असेल तर काही वर्षांनी माणूस आजारी दिसायला लागतो.

एफ-१०१ : ‘हाताने रंगवलेलं’ म्हणून कॅनव्हास प्रिंटवर चार फटकारे मारून देतात, ते ओळखायचं कसं?

सी-६०१ : भिंगातून फिकट भाग बघायचा. शाईचे बारीक ठिपके दिसले की प्रिंट. त्याहून सोपं म्हणजे टप्प्याटप्प्याचे फोटो मागणं.

बी-१०३ : टप्पे करारातच लिहून घे. आधी अंगठ्याएवढी दोन-तीन कच्ची रेखाटनं, मग पूर्ण मापाचं रेखाटन, मग पहिला रंगथर, मग शेवट. साम्य रेखाटनातच तपासायचं. तिथे डोळा २ मिमी सरकवणं खोडरबराचं काम आहे. रंग चढल्यावर त्याच २ मिमीसाठी पापणी, भुवई आणि नाकाचा बुंधा परत रंगवावा लागतो. पैसेही टप्प्यांना बांध : सुरुवातीला, रेखाटन मंजूर झाल्यावर, आणि चित्र हातात आल्यावर.

“बाबांसारखे वाटत नाहीत” असं कळवू नकोस, त्यावर कोणी काही करू शकत नाही. फोटो आणि चित्र दोन्ही फोनवर उलटे करून शेजारी ठेव. मग दिसतं की वरचा ओठ जाड झालाय किंवा डावी भुवई खाली उतरलीय. तेवढंच लिही. आणि लिहिणारी तू एकटीच. पाच भावंडांचे पाच निरोप गेले की चेहरा सगळ्यांचा होतो, बाबांचा सोडून.

सी-६०१ : पैसे देणारा एक आणि चित्रात बसणारा दुसरा असेल तर जास्तच सांभाळा. १९५४ साली ब्रिटिश संसदेने चर्चिल यांच्या ८० व्या वाढदिवसाला ग्रॅहम सदरलँडकडून चित्र करवून घेतलं. चर्चिलना ते मुळीच आवडलं नाही, आणि पुढे त्यांच्या पत्नीच्या इच्छेने ते नष्ट केलं गेलं.

ए-४०२ : म्हणजे रेखाटन बाबांना दाखवायचंच. ते स्वतः बसायला तयार झाले तर?

बी-१०३ : मग उत्तमच. २०-२५ मिनिटं बैठक, ५ मिनिटं सुटी, असं दोन-अडीच तास. खुर्चीच्या पायांना आणि पावलांना जमिनीवर टेपच्या खुणा करायच्या. दर वेळी तेच कपडे, तीच वेळ, कारण खिडकीचा उजेड फिरतो. दात दिसतील असं हसू नको, दहाव्या मिनिटाला ते आवळलेलं दिसतं.

एफ-१०१ : चित्रकाराने ते आपल्या जाहिरातीत वापरलं तर?

सी-६०१ : हक्क कोणाचा हे देशागणिक बदलतं. लिहून घ्या, दोन ओळी पुरतात : छापायचा हक्क कोणाला, आणि त्यांना फोटो दाखवायची परवानगी आहे का.

ए-४०२ : लावायचं कुठे? रिकामी भिंत बाहेरच्या बाजूची आहे.

सी-६०१ : पावसाळ्यात ती ओल धरत असेल तर नको. लावायचंच असेल तर फ्रेमच्या मागच्या खालच्या कोपऱ्यांना बुचाचे तुकडे चिकटव, हवा खेळते. थेट ऊन नको. ओल्या फडक्याने पुसायचं नाही, कोरडा मऊ ब्रश पुरे. कॅनव्हास सैल पडला तर मागच्या कोपऱ्यांतल्या लाकडी पाचरी हलकेच ठोकायच्या.

आणि आणताना बबल रॅप थेट रंगावर नको, ताज्या ऑइलवर गोल गोल ठसे उठतात. आधी ग्लासिन (गुळगुळीत, न चिकटणारा) कागद, मग कोपऱ्यांना पुठ्ठा, मग बबल रॅप, फुगे बाहेरच्या बाजूला.