आजीची निधनवार्ता उद्याच्या पेपरात द्यायची आहे, मजकूर कसा लिहावा? (सोलापूर)

कुंभारीकर
आजीचं आज, मंगळवार दि. १२ रोजी, पहाटे ३ वाजता घरीच निधन झालं. वय ८४. घर कुंभारीच्या विडी घरकुलात (विडी कामगारांची वसाहत). अंत्यविधी आज दुपारी आहे. सोलापूर आवृत्तीत बातमी आणि फोटोसह छोटी जाहिरात, दोन्ही द्यायचं चाललंय. आजोबा आधीच गेलेत, मग नावापुढे गं. भा. लिहायचं की श्रीमती? आजीला सोलापूरचा सगळा पूर्व भाग (तेलुगू वस्तीचा) वेगळ्याच नावाने ओळखतो, कागदावरचं नाव कुणाला माहीत नाही. दहावा २२ तारखेला धरलाय. निम्मे नातेवाईक भिवंडीत आणि हैदराबादला आहेत. खर्चाचा अंदाजही सांगा.

पानजुळणी
सर्वात आधी तारीख तपासा. मृत्यूचा दिवस हा पहिला दिवस. १२ तारीख पहिली, म्हणजे दहावा २१ ला, गुरुवारी येतो आणि तेरावा २४ ला, रविवारी. बहुतेक जण तारखेत सरळ दहा मिळवतात आणि एक दिवस चुकतो. काही घरांत मोजणी अग्नी दिल्याच्या दिवसापासून धरतात. तुमच्याकडे दोन्ही एकाच दिवशी आहे, पण पहाटेचे ३ म्हणजे पंचांगाने अजून सोमवारच, कारण तिथे वार सूर्योदयाला बदलतो. गुरुजींना हे स्पष्ट विचारा आणि मगच तारीख छापायला द्या. पेपरात मात्र कॅलेंडरचाच वार लिहायचा: 'मंगळवार, दि. १२ रोजी पहाटे ३ वाजता'. 'काल', 'आज' हे शब्द नकोत. तुम्ही लिहिता मंगळवारी, वाचणारा वाचतो बुधवारी.

दुसरं, अंत्ययात्रेची वेळ पेपरसाठी लिहूच नका. अंक लोकांच्या हातात पडेल तोवर सगळं आटोपलेलं असेल. ते काम फोनचं आणि व्हॉट्सअॅपचं. तिथे कोणती स्मशानभूमी ते मात्र नावानिशी लिहा. मोदी, रूपाभवानी, अक्कलकोट रस्ता, पुणे नाका इतक्या जागा आहेत, नुसतं 'स्मशानभूमीत' लिहिलं की निम्मे लोक मोदीला जाऊन उभे राहतात.

पेपरातल्या बातमीचं खरं काम दहाव्याला माणसं योग्य जागी पोहोचवणं. नुसतं 'विडी घरकुल' लिहिलं तर लोक हैदराबाद रोडच्या जुन्या घरकुलात जातील. 'गोदूताई परुळेकर विडी घरकुल, कुंभारी' असं पूर्ण लिहा आणि जवळची एक खूण द्या. विधी घरी नसेल तर घाटाचं किंवा मंदिराचं नाव. संक्रांतीच्या आठवड्यात कार्यक्रम येत असेल आणि जागा सिद्धेश्वर मंदिराच्या आसपास असेल, तर नंदीध्वजांच्या मिरवणुकीने रस्ते बंद असतात, हे धरून वेळ ठरवा.

अक्षरशोध
नावाबद्दल. 'उर्फ' वापरा आणि लाजू नका. 'कागदावरचं पूर्ण नाव उर्फ घरचं नाव', आणि जमलं तर माहेरचं आडनावही. तेलुगू घरांत हे जास्तच लागतं, कारण माहेरची माणसं सासरच्या आडनावाने ओळखतच नाहीत. बातमीच्या शीर्षकात मोठ्या अक्षरात लोकांना माहीत असलेलंच नाव घ्या.

गं. भा. की श्रीमती, हे घराने ठरवायचं. माझा कल श्रीमतीकडे. अनेकींना गं. भा. आवडत नाही आणि आता पेपरवालेही ते आग्रहाने छापत नाहीत. पण एक चूक हमखास दिसते: 'कै. अमुक यांचे निधन झाले'. कैलासवासी झालेल्याचं पुन्हा निधन कसं होईल ओ? निधनाच्या बातमीत कै. लावायचं नाही, ते पुढे पुण्यस्मरणाच्या जाहिरातीत येतं. नवऱ्याआधी गेलेल्या बाईला तिथे 'कै. सौ.' लिहितात. वारकरी घरांत वै. (वैकुंठवासी), लिंगायत घरांत 'लिंगैक्य', बौद्ध घरांत 'कालकथित' आणि दहाव्याऐवजी 'जलदान विधी व पुण्यानुमोदन'. मुस्लिम घरांसाठी जनाजाच्या नमाजचं नुसतं 'असरनंतर' न लिहिता घड्याळातली वेळही द्यावी, बाहेरगावच्यांची सोय होते.

आता बातमीचा मजकूर. पन्नास-साठ शब्दांत बसला तर कापला जात नाही, लांबला की उपसंपादक शेवटची ओळ उडवतो आणि नेमकी तिथेच दहाव्याची वेळ असते. म्हणून वेळ आधी, परिवार नंतर:

'सोलापूर : गोदूताई परुळेकर विडी घरकुल, कुंभारी येथील श्रीमती (पूर्ण नाव) उर्फ (घरचं नाव) (वय ८४) यांचे मंगळवार, दि. १२ रोजी पहाटे वृद्धापकाळाने निधन झाले. दशक्रिया विधी गुरुवार, दि. २१ रोजी सकाळी ८ वाजता (जागा) येथे होईल. त्यांच्या पश्चात दोन मुलगे, एक मुलगी, सुना, जावई, नातवंडे असा परिवार आहे. (संस्था) येथील कर्मचारी (नाव) यांच्या त्या मातोश्री होत.'

'दोन मुले' लिहू नका. एक मुलगा, एक मुलगी असाही अर्थ निघतो. दोन मुलगे. जावई राहिला तर वर्षभर ऐकून घ्यावं लागतं, तेव्हा यादी घरातल्या थोरल्या बाईकडून एकदा मोजून घ्या. बातमीत फक्त संख्या, नावं जाहिरातीत. शेवटची 'मातोश्री होत' ही ओळ काढू नका. म्हातारीला न ओळखणारे पण मुलाला ओळखणारे त्याच ओळीमुळे येतात. त्या स्वतः विडी कामगार असतील, तर 'निवृत्त विडी कामगार' हे दोन-तीन शब्द जरूर घाला. 'दुःखद निधन'मधला दुःखद मात्र खुशाल उडवा.

साखरपेठ
खर्चाचं. बातमीला पैसे पडत नाहीत, पण ती छापलीच जाईल याची हमीही नसते. जाहिरातीचा दर चौरस सेंटीमीटरवर. पान साधारण आठ कॉलमचं, कॉलम साधारण चार सेंटीमीटर रुंद. दोन कॉलम रुंद आणि १० सेंटीमीटर उंच म्हणजे ८० चौरस सेंटीमीटर. समजा दर ५० रुपये असला तर ४,००० आणि त्यावर ५ टक्के जीएसटी, म्हणजे ४,२००. खरा दर पेपर, आवृत्ती, पान आणि रंगावर ठरतो. पहिलं पान आणि रंगीत दोन्ही महाग. 'सर्व आवृत्त्या' घेऊ नका, त्या पैशात सोलापूर आवृत्तीत बरीच मोठी जागा मिळते. भिवंडी-हैदराबादच्यांना ई-पेपरच्या पानाचा फोटो पाठवा.

बुकिंग पेपरच्या कार्यालयात किंवा अधिकृत एजन्सीत. जाताना डॉक्टरांचा दाखला किंवा स्मशानभूमीची पावती आणि स्वतःचं ओळखपत्र न्या. जिवंत माणसाची खोडसाळ निधनवार्ता देणारे असतात, म्हणून विचारतात, राग मानू नका. संध्याकाळची वाट बघू नका. तालुक्याला जाणारा डाक अंक शहरापेक्षा आधी छापतात. उशिरा दिलं तर शहरात दिसेल, अक्कलकोट-बार्शीला नाही. स्वातंत्र्यदिन, प्रजासत्ताक दिन, लक्ष्मीपूजन या दिवशी अनेक कार्यालयं बंद असतात आणि दुसऱ्या दिवशी अंक निघत नाही, तेवढं पाहून घ्या.

जाहिरातीत घराचा पूर्ण क्रमांक आणि जन्मतारीख देऊ नका. विधीला सगळे जाणार, घर बंद राहणार, हे चोरालाही वाचता येतं. दोघांचे मोबाईल पुरे, आणि त्यातला एक तरी विधीत न बसणाऱ्याचा असू द्या.

पानजुळणी
फोटो व्हॉट्सअॅपवर साधा पाठवलात तर तो दाबला जातो आणि चेहऱ्याचे चौकोन पडतात. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. ५ सेंटीमीटर रुंद छापायचा तर निदान ४०० पिक्सेल रुंद हवा. जुन्या फ्रेममधला असेल तर काच काढून, खिडकीच्या उजेडात, फ्लॅश न लावता काढा. आधार कार्डावरचा नको. गर्दीतून कापलेल्या फोटोत शेजारच्याचा खांदा राहतो, तो पुसायला आधीच सांगा. वर्तमानपत्राच्या कागदावर शाई पसरते, म्हणून फोटो डोळ्यांना बरा वाटतो त्याहून थोडा उजळ द्यावा.

मजकूर युनिकोडमध्ये टाईप करून द्या आणि सोबत त्याचा स्क्रीनशॉटही. कार्यालयात तो श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये बदलला जातो, तेव्हा 'ऱ्य', 'ऱ्ह' आणि रफार तुटतात. तेलुगू आडनावं तर हमखास बिघडतात.

कुंभारीकर
दहावा २१ च, गुरुजींनीही तेच सांगितलं. प्रूफ (छपाईआधीचा नमुना) आलंय, आडनावातला 'म्म' चा 'म' झालाय.

अक्षरशोध
फोनवर सांगू नका, प्रूफच्या कागदावर गोल करून, बाजूला बरोबर शब्द लिहून, सही करून पाठवा. सही केलेल्या प्रूफात चूक नसेल आणि छापताना झाली, तर बहुतेक ठिकाणी दुसऱ्या दिवशी पुन्हा छापून देतात. प्रूफातच राहिली तर पैसे तुमचे. प्रूफ उलटं, खालून वर वाचा. आधी मोबाईल नंबर, मग तारीख-वार, मग नावं. आणि ते घरातल्या दोघांनी वेगवेगळं वाचावं.

साखरपेठ
एक राहिलं बघा. पेपरातली बातमी म्हणजे मृत्यूची नोंद नव्हे. नोंद २१ दिवसांत करायची, त्यानंतर विलंब शुल्क. मृत्यू घरी झाला आणि घर कुंभारीत, म्हणून ती कुंभारी ग्रामपंचायतीकडे होईल, सोलापूर महापालिकेकडे नाही. हॉस्पिटलमध्ये झाला असता तर त्यांनीच कळवलं असतं. तिथे नाव आधारप्रमाणेच लिहा, उर्फ नको, नाहीतर पुढे पेन्शन आणि बँकेत अडतं. आणि उद्याचे तीन-चार अंक सकाळीच घेऊन ठेवा, ई-पेपरचं पानही त्याच दिवशी उतरवा. आठवड्याने मागितलेला अंक कार्यालयात मिळेलच असं नाही.