शब्दचर्चा: 'मागारी' म्हणजे कदाचित की काश?

प्रश्न: इटालियन 'मागारी'चा अर्थ कोशात 'कदाचित' असा मिळतो. पण 'तुला उद्या सुट्टी आहे का?' याला नुसतं 'मागारी!' असंही उत्तर देतात. तिथे 'कदाचित' बसत नाही. व्युत्पत्तीही हवी आहे.

उत्तर: एकटा आलेला 'मागारी!' म्हणजे 'कुठली आलीये सुट्टी! असती तर काय हवं होतं!' उत्तर नकाराचं आणि मनात इच्छा. तिथे 'कदाचित' लिहिलं की अर्थच उलटतो.

वाक्यात आला तर क्रियापद बघा. 'मागारी पिओव्हे' यात साधा वर्तमानकाळ आहे, म्हणून 'पाऊस पडेलही'. 'मागारी पिओव्हेस्से' यात 'कॉन्जुंतीव्हो'चा (इच्छा, शंका किंवा कल्पना सांगणाऱ्या क्रियारूपाचा) अपूर्ण भूतकाळ, म्हणून 'पाऊस पडला तर किती बरं होईल!' हुकलेल्या गोष्टीची हळहळ असेल तर त्याच्याही मागचा काळ: 'मागारी लो आव्हेस्सी सापूतो', म्हणजे 'मला हे ठाऊक असतं तर!' शिकणारे इच्छा सांगतानाही वर्तमानकाळच ठेवतात आणि ऐकणाऱ्याला नुसता अंदाज ऐकू येतो. खरं तर आपल्याला हे सोपं जायला हवं. 'पडला तर' म्हणताना मराठीही भूतकाळी रूपाकडेच वळते. उच्चारात जोर 'गा'वर.

व्युत्पत्तीबद्दल: मूळ ग्रीक 'माकारिओस', म्हणजे धन्य, सुखी. त्याचं संबोधन 'माकारिए', 'हे भाग्यवंता'. मत्तयच्या शुभवर्तमानातल्या ५व्या अध्यायात मराठीत 'धन्य' येतं तिथे ग्रीकमध्ये याच शब्दाचं अनेकवचन आहे. 'भाग्यच म्हणायचं' वरून 'असं झालं तर!' आणि तिथून 'होईलही', असा अर्थ सरकत गेला. मला या शब्दातलं हेच सर्वांत सुंदर वाटतं: आजच्या 'कदाचित'च्या पोटात अजून 'धन्य' आहे. 'क'चा 'ग' झाल्याचं नवल नको. लॅटिन 'लाकुस'चा (तळं) इटालियनमध्ये 'लागो' झाला तसंच. रोमेनियन 'मकर' आणि सर्बियन 'माकार' ही याचीच भावंडं, पण तिथे अर्थ 'निदान'. हिंदी 'मगर' मात्र फारसीतून आलेला, त्याचा संबंध नाही.

पुरवणी: आणखी दोन वापर. 'रेस्तो क्वी, मागारी तुत्ता ला नोत्ते': 'मी इथेच थांबतो, वेळ पडली तर रात्रभर'. आणि निरोप घेताना 'मागारी ची सेन्तियामो दोमानी': 'जमलं तर उद्या बोलू'. याला ठरलेली वेळ समजून फोनची वाट बघू नये. नक्की करायचं असेल तर लगेच 'आ के ओरा?' म्हणजे 'किती वाजता?' असं विचारावं.