आडनाव बघून शाहिरी शिकवायची का? सोलापूरकरांनो बोला

पूर्वभागकर:
आमच्या घरी तेलुगू बोलतात, आजोबा हातमागावर होते, बाबा यंत्रमागावर, मी मात्र लहानपणी गड्ड्याच्या जत्रेत पोवाडा ऐकला आणि तेव्हापासून त्याच्याच नादाला लागलो. मागच्या महिन्यात एका शाहिरी पथकात शिकायला गेलो तर डफाला हात लावायच्या आधी आडनाव विचारलं, मग एकजण म्हणाला "चादरी विणा की बे, पोवाडा कशाला". सगळे हसले. घरी आलो, जेवण गेलं नाही. अहो राम जोशी आपल्याच सोलापूरचे, ब्राह्मणाच्या घरातले, तरी तमाशात रमले. सगनभाऊ मुसलमान, होनाजी गवळी, त्याचा जोडीदार बाळा शिंपी. बार्शीचे अमर शेख, मूळचे मेहबूब पटेल, त्यांच्या आवाजानं संयुक्त महाराष्ट्राच्या सभा दणाणायच्या. ह्यांना कुणी आडनावावरून परत पाठवलं असतं तर?

संबळवाला:
तुम्हाला बोलले ते चूकच. पण शाहिरीचं माप गोंधळाला लावू नका. आम्ही गोंधळी, लग्नानंतर लोक बोलावतात, चौक मांडतो, दिवटी पेटवतो, गळ्यात कवड्यांची माळ असते आणि गावोगावच्या देवांना नाव घेऊन गोंधळाला ये म्हणून हाक मारतो, ते स्टेजवरचं गाणं नाही हो, आईची सेवा आहे. नवे लोक येतात, मोबाईलवर रेकॉर्ड करतात, चार महिन्यांत झगमगीत कपडे घालून कार्यक्रम घेतात, आणि आमच्या काकांना ज्या घरांतनं पिढ्यान्‌पिढ्या बोलावणं यायचं तिथं आता हे जातात. पोटावर पाय आला की माणूस दार लावतोच.

बार्शीची लेक:
दादा पोटाचं पटतं, पण दार सगळ्यांनाच लागतं त्याचं काय? मी पोवाडा म्हणते म्हटलं तर "बाईच्या आवाजात वीररस बसत नाही, लावणी म्हणा". लावणी म्हटली तर शेजारच्या काकूंनी आईला विचारलं, पोरगी रात्रीची कुठं जाते? म्हणजे आम्ही गायचं तरी काय?

जुना झीलकरी:
३० वर्षं शाहिराच्या मागं उभा आहे. नवीन पोराला आम्ही तपासतो ते जातीसाठी नाही, बहुतेक जण पळतात म्हणून. "जी जी रं जी" सोपं वाटतं ना? शाहीर चौकाची, म्हणजे पोवाड्याच्या कडव्याची, शेवटची ओळ सोडतो तेवढ्यात झील, म्हणजे मागची साथ, उचलावी लागते, तिथंच त्याला श्वास मिळतो, अर्धी मात्रा उशीर झाला की पुढच्या ओळीला त्याचा दम तुटतो. हे अंगात यायला मला वर्ष लागलं. आणि तेलुगू घरातली पोरं बोलताना "ती डफ" म्हणतात, ते कानाला टोचतं, खोटं कशाला बोलू.

पूर्वभागकर:
टोचलं तर तिथंच थांबवा, दहादा सुधारून घेईन. वर्षभर मागं उभा राहतो. पण काका, "चादरी विणा" म्हणणं ही तपासणी नव्हती.

जुना झीलकरी:
नव्हती. बरोबर आहे तुझं.

संबळवाला:
गोंधळाबद्दल माझं मत तेच आहे, माळ मागू नको. पण ताल शिकायचा असला तर मंगळवारी संध्याकाळी ये, संबळ जवळून बघ, वाकड्या काठीनं कसा बोलतो ते. बार्शीच्या ताई, तुम्हीपण या.